गवत कापलं, पण टाकलं कुठे?

कोकणातल्या वणव्यांवर दरवर्षी दोनच उपाय ऐकू येतात. एक सरकारी: जनजागृती करा, जाळरेषा (आग अडवणारे साफ पट्टे) काढा, आग लावणाऱ्यावर गुन्हा दाखल करा. दुसरा गावातला: आमचे आजे-पणजे सडा, म्हणजे कातळावरचं गवताळ पठार, जाळतच आले, तेव्हा कुठे रानं संपली, उगाच बाऊ करू नका. फेब्रुवारी ते मे हे दोन्ही सूर चालू असतात. जूनमध्ये पाऊस येतो आणि विषय भिजून जातो. माझं म्हणणं असं की दोन्ही बाजू एकाच अपुऱ्या हिशेबावर भांडताहेत. दोघंही फक्त आग मोजतात. आगीनंतर दोन-तीन वर्षांनी बागेत आणि रानात जिवंत काय उरलं, हा आकडा कुणाच्याच वहीत नसतो.

हा मोठा हिशेब मांडायचा नेटाने प्रयत्न जिथे झालाय, तो मुलूख कोकणासारखा मुळीच नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडची पाइन, फर आणि सिक्वॉयाची सूचिपर्णी जंगलं. तिथे कारुक, युरोक यांच्यासारखे मूळ रहिवासी पिढ्यान् पिढ्या हलक्या आगी लावून रान मोकळं ठेवत. पुढे ते गुन्ह्यात जमा झालं. १९३५ साली तिथल्या वनखात्याने तर नियमच केला की दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे. खातं कामसू निघालं आणि त्यातच घोटाळा झाला. आग थांबली, पण तिच्यामुळे विरळ राहणारी झाडी दाटत गेली, खाली पाला-काटक्यांचे थर चढत गेले. २०१२ ते २०१६ या दुष्काळात एवढ्या गर्दीला पाणी पुरेना. तहानलेल्या झाडांवर साल पोखरणारे भुंगेरे तुटून पडले. २०१० पासून २०१७ पर्यंत एकट्या कॅलिफोर्नियात १२ कोटी ९० लाख झाडं मेली, असा त्या खात्याचाच अंदाज आहे. मग २०२० च्या कॅसल वणव्यात जगातल्या मोठ्या सिक्वॉया वृक्षांपैकी दहा ते चौदा टक्के गेले. हजारो वर्षं आगी अंगावर घेतलेली, हात-हातभर जाड सालीची झाडं ही!

यावर उपाय म्हणून तिथे इंधन कमी करण्याची कामं निघाली. बारीक झाडं तोडून विरळणी करायची, खालचा कचरा थंड, दमट दिवस बघून ठरवून जाळायचा. ऐकायला सरळ वाटतं. पण एका धोक्यावर केलेला उपाय दुसऱ्या धोक्याला काय करतो, हे बघायला लागल्यावर गुंता सुरू झाला. विरळणीने उरलेल्या झाडाला पाणी जास्त मिळतं, त्याची राळ जोरात सुटते, आणि भोक पाडणारा भुंगेरा त्या राळेबरोबर बाहेर फेकला जातो. म्हणजे आगीसाठी केलेलं काम किडीवरही औषध ठरलं. पण तोडलेल्या फांद्यांचे ढीग तिथेच पडू दिले, तर त्या ओल्या ढिगांत दुसऱ्या जातीचे भुंगेरे वाढतात आणि शेजारच्या उभ्या झाडांवर चढतात. ठरवून लावलेल्या आगीत शेकलेलं झाड पुढची काही वर्षं किडीला आयतं सापडतं. म्हाताऱ्या पाइनच्या बुंध्याशी साचलेला कुजका थर तर ज्वाळा विझल्यावरही धुमसत राहतो. वर शेंडा हिरवा, खाली मुळं भाजलेली. म्हणून ठरवून आग लावण्याआधी मोठ्या झाडांभोवतीचा हा थर माणसं दाताळ्याने ओढून लांब करतात. त्यातच पांढऱ्या पाइनच्या कुळाला लागणारा एक तांबेरा आहे. त्याची बुरशी आयुष्यातला काही काळ ज्या झुडपांवर काढते, त्या झुडपांचं बी आगीनंतर जोमाने रुजतं.

एवढे धागे डोक्यात धरून निर्णय घेता येत नाही, म्हणून संगणकावर मॉडेल बांधतात. जंगलाचे लहान लहान चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात कोणत्या जातीची, किती वयाची झाडं आहेत ते भरायचं, आणि वर्षामागून वर्षं पुढे ढकलायची. वाढ, दुष्काळ, कीड, आग, सगळं एकाच वेळी. आग कुठे पडेल हा नशिबाचा भाग, म्हणून तोच डाव पुन्हा पुन्हा खेळवायचा. काहीच केलं नाही तर, नुसती विरळणी केली तर, विरळणी करून वर आग दिली तर, पन्नास वर्षांनी किती मोठी झाडं उभी दिसतात? ‘लँडिस’ नावाचं असं एक मॉडेल बरंच वापरलं जातं. अशा अभ्यासांतून मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. उपायाचं मोजमाप ‘किती एकर साफ केले’ यावर होत नाही, सगळ्या धोक्यांची बेरीज-वजाबाकी झाल्यावर उभं काय राहिलं यावर होतं.

आता कोकण. इथे सूचिपर्णी जंगल नाही. किनाऱ्यावरचा सुरू पाइनसारखा दिसतो खरा, पण तो फुलणाऱ्या झाडांच्या गोतातला, नुसता वेश तसा. आपल्याकडे जळतं ते गवत, पातेरा म्हणजे वाळका पाला, आणि रानमोडी नावाचं झुडूप. त्यामुळे अमेरिकेची उत्तरं इथे उचलून आणण्यात अर्थ नाही. तिथलं इंधन ही कित्येक दशकांची साठवण आहे. एकदा काढलं की बरीच वर्षं फरक राहतो. आपलं इंधन दर पावसाळ्यात नव्याने उगवतं. जूनमध्ये पालवतं, ऑक्टोबरात कमरेएवढं होतं, जानेवारीत कडकडीत वाळतं. शिवाय तिथे बऱ्याच आगी विजेने लागतात. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चात वीज कुठली पडायला? बहुतेक आग माणसाच्या हातातून सुटते: भातरोपांसाठी जमीन भाजतात त्या भाजावळीतून, विडीच्या थोटकातून, रस्त्याकडेच्या कचऱ्यातून, नाहीतर कुणाच्या तरी रागातून. म्हणजे उपायही दरवर्षी परवडणारा हवा, आणि त्याच्या गणितात माणूस आधी धरायला हवा.

गवत तर पूर्वीही वाढायचं. मग आताच एवढं का पेटतं? पूर्वी ते उभं राहायचंच नाही. दिवाळीनंतर वरकस जमिनीवरचं गवत विळ्याने कापून, भारे बांधून घरी यायचं. गुरांना वैरण, घरावर शाकार, उरलेल्याची उडवी. रानातला लाकूडफाटा चुलीत जायचा, पातेरा भाजावळीत नाहीतर गोठ्यात. आज दावणीला बैलजोडी नाही, चुलीच्या जागी सिलिंडर आला, आणि वाडीतली निम्मी घरं गणपती-शिमग्यापुरती उघडतात. इंधन कमी करण्याची एक मोठी यंत्रणा कोकणात होती, ती कुठल्याही आदेशाशिवाय बंद पडली. आणि नेमक्या त्याच काळात पेटण्याजोगी किमती वस्तू गवतात नेऊन उभी केली. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि आंबा-काजूची कलमं सड्यांवर, उतारांवर चढली. योजना चांगलीच होती, कोकणाला तिने पैसा दाखवला. पण कातळात सुरुंग लावून खड्डे मारताना पुढची तीस वर्षं भोवतालचं गवत कोण काढणार, हे कुणी विचारलं नाही. परिणाम असा की पूर्वी गवत जळायचं, आता गवताबरोबर पंधरा-वीस वर्षांचं कलम जळतं.

जळतं म्हणजे काय होतं, हे जवळून बघण्यासारखं आहे. गवताची आग हापूसच्या बागेतून दहा मिनिटांत पुढे निघून जाते. उतारावर तर ती पळतेच, आणि दुपारचा खारा वारा सुटला असेल तर विचारायला नको. झाडाला वळसा घालताना ज्वाळा बुंध्याच्या चढाकडच्या अंगाला वेटाळते, म्हणून काळा डाग उताराकडून तळहाताएवढा, तर चढाच्या बाजूला पुरुषभर उंच दिसतो. पानं करपून तपकिरी होतात, पण गळत नाहीत, तशीच लटकतात. पंचनाम्याला आलेला माणूस ही पानं मोजतो. खरी इजा सालीच्या आत असते. आंब्याची साल ऐनाच्या झाडासारखी जाड, खवल्यांची नाही. पावसाळ्यात झाड पुन्हा फुटतं, मालक सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि त्याच सुमाराला शेकलेल्या बाजूची साल सुटायला लागते. भेगा पडतात. भिरूड, म्हणजे आंब्याचं खोड पोखरणारा भुंगेरा, अंडी घालायला अशीच भेग शोधतो. पुढे कधीतरी बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसतो तेव्हा अळी बोटभर आत गेलेली असते. मग तार घालून ती ओढायची, औषधाचा बोळा भोकात कोंबायचा, मातीने लिंपायचं. काजूच्या बुंध्यात रोठा या खोडकिड्याचीही हीच तऱ्हा. झाड मरतं तेव्हा वहीत लिहिलं जातं, ‘भिरुडाने मेलं.’ आगीचं नाव कुठेच येत नाही.

यात वाऱ्याची भर घाला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. अर्धी उन्मळलेली, फांद्या फाटलेली झाडं आणि त्यांचं जागच्या जागी पडलेलं लाकूड. जखम किडीला वाट देते, पडलेलं लाकूड पुढच्या उन्हाळ्यात आगीला. नुकसानभरपाईच्या कागदावर हे सगळं वेगवेगळं असतं: वादळाचा पंचनामा एक, वणव्याचा दुसरा, किडीचा सल्ला तिसऱ्याच टेबलावर. झाडावर मात्र ते एकावर एक येतं.

आता उपायांकडे. आमच्याकडे बागायतदाराला सल्ले देणारे पुष्कळ आहेत. त्यांचे सल्ले एकमेकांशेजारी ठेवले तर गंमत दिसते. उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून कलमाच्या आळ्यात गवत-पाल्याचं आच्छादन करा, असं शेतीशास्त्र सांगतं. अगदी रास्त आहे. जांभ्या जमिनीत मार्चनंतर ओल राहते कुठे? पण तेच आच्छादन पेटलं तर पळत्या आगीसारखं दहा मिनिटांत सोडत नाही. बुंध्याला लागून तासन् तास धुमसतं आणि वरवरची मुळं शिजवून काढतं. पाइनच्या बुंध्याशी साचलेला कुजका थर आणि आंब्याच्या आळ्यातला पाला, काम एकच. याचा अर्थ आच्छादन करू नका असा नाही. बुंध्यापासून हात-दीड हात जागा मोकळी सोडून करा, आणि बागेभोवतीचा पट्टा आधी साफ करा. पट्टा नसलेल्या बागेत तहान भागवायला घातलेला पाला हा पेटवण असतो.

बेणणीचं, म्हणजे बागेतलं गवत काढण्याचंही तसंच. पूर्वी विळ्याने कापलेलं गवत भाऱ्यात बांधून घरी जायचं. आता पाठीवर ग्रासकटर अडकवून माणूस दिवसभरात मोठी बाग लोळवतो आणि गवत तिथेच पडून राहतं. उभं गवत आडवं झालं, इंधन तेवढंच. ज्वाळेची उंची कमी होते हे मान्य, पण आग कलमाच्या मुळाशीच फिरते. कापलेलं गवत उचलून नेण्याची मजुरी कापण्याच्या मजुरीहून जड पडते, म्हणून ते नेलं जात नाही. काहीजण पावसाच्या शेवटी तणनाशक मारून मोकळे होतात. मग हिरवं गवत उभ्याउभ्याच मरतं आणि वणव्याचा हंगाम आपल्याच हाताने अलीकडे ओढला जातो. वर उघड्या मातीवर पहिल्या पावसाचा मार.

रानात आणखी एक पाहुणा आहे, रानमोडी. सावलीत ती दबून राहते; जाळून, तोडून उजेड केला की उसळते. मूळ शाबूत असेल तर जळूनही फुटते, आणि वाळल्यावर गवतापेक्षा उंच, तापट आग देते. म्हणजे जो उतार आपण ‘साफ’ म्हणून एकदा जाळला, तो दोन-तीन वर्षांनी आधीपेक्षा पेटाऊ होऊ शकतो. आजे-पणजे सडा जाळायचे त्या रानात रानमोडीचं हे राज्य नव्हतं, आणि उतारावर कलमं नव्हती. जुन्या रीतीचा दाखला देताना निदान जुनं रान तरी उभं करावं लागेल.

तरीही जाळणाऱ्यांना मी सरसकट वेडं ठरवणार नाही. माहितगार माणूस डिसेंबर-जानेवारीत, दव पडल्यावर, वारा पडलेला बघून बागेभोवतीचा पट्टा जाळतो. हातात ओली डहाळी, सोबतीला चार माणसं, आणि गडग्यापलीकडे आग जाऊ द्यायची नाही हा नियम. तेच काम मार्चच्या दुपारी एकट्याने करणारा माणूस वेगळा. कायद्याच्या आणि भिंतीवरच्या घोषणांच्या नजरेत मात्र दोघं सारखेच. त्यामुळे झालं काय, तर पहिला माणूस भीतीने थांबला आणि दुसरा काडी टाकून पळून जायला शिकला. संपूर्ण सडा दरवर्षी जाळण्याला मात्र माझा विरोध आहे. आग दरवर्षी आली की ऐन-किंजळाची रोपं गुडघ्याच्या वर येतच नाहीत, आणि जूनच्या पहिल्या सरींना उघडी माती भेटते. कातळावर मुळात मातीचा थर असतो वीतभर, काही ठिकाणी तेवढाही नसतो.

कुठे कापायचं, कुठे जाळायचं, कुठे हातच लावायचा नाही, हे गावागणिक, उतारागणिक वेगळं ठरणार. म्हणूनच कोकणासाठी असं मॉडेल बांधावं असं मला वाटतं. दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, त्याचं वनशास्त्र महाविद्यालय आहे, वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आहे. आग बघणारे, कीड बघणारे आणि माती बघणारे एकाच टेबलाशी बसवणं, एवढंच नवं करायचं. मॉडेल फार भपकेबाज नको. चार-पाच गावांची शिवारं घ्या. गवत, कलमं, काजू, रानमोडी, मालकी रान, देवराई, बंद घरं असे चौकोन पाडा. त्यात तीन-चार पर्याय चालवून बघा: काहीच न करणं, पट्टे जाळणं, गवत कापून जागीच ठेवणं, कापून बाहेर नेणं. आणि दहा वर्षांनी जिवंत, उत्पन्न देणारी झाडं किती, हा एकच प्रश्न विचारा.

यावर आक्षेप येईल की मॉडेल म्हणजे वातानुकूलित खोलीतला खेळ, घालाल तेच निघेल. आक्षेपात दम आहे. नुसत्या उपग्रहावर विसंबलेलं मॉडेल कोकणात फसणारच. देशभर वणव्याचे इशारे ज्या उपग्रह-यंत्रणेवरून मिळतात, तिचा एक चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे साधारण ३५ एकरांचा. आमच्या बागा दोन-तीन एकरांच्या. तो उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. संध्याकाळी सहाला पेटून आठला विझलेला सडा त्याला दिसेलच असं नाही. तेव्हा आगीची वेळ, जागा, गवत उभं होतं की कापलेलं, आळ्यात पाला होता का, हे तलाठ्याच्या पंचनाम्यात चार ओळींत यायला हवं. आणि तीच झाडं पुढची दोन वर्षं कृषी सहाय्यकाने पुन्हा पाहायला हवीत. भिरूड कुठे लागला हे गावातला कलमं राखणारा माणूस बोट दाखवून सांगतो. मग तो नेपाळहून आलेला का असेना. त्याला विचारायला संगणक लागत नाही. पण त्याचं उत्तर शेजारच्या गावाच्या उत्तराशी जोडून, पुढच्या दहा वर्षांचा अंदाज बांधायला लागतो. मॉडेल चुकेल. मात्र ते कुठे चुकलं हे दाखवता येतं. ‘जनजागृती’ चुकली हे कधीच सिद्ध होत नाही, म्हणून ती दरवर्षी नव्याने होते.

माझा अंदाज विचाराल तर तो सांगून टाकतो. हिशेब केला तर ‘कापून बाहेर नेणं’ हाच पर्याय बागांच्या पट्ट्यात पुढे येईल. पट्टा जाळणं फक्त दव असतानाच्या काही आठवड्यांपुरतं, तेही माणसं असलेल्या वाडीत. आणि लगेच दिसेल की कापून नेण्याचा पर्याय कोलमडतो तो गवत नेण्याच्या खर्चावर. म्हणून पैसा जाळरेषेच्या ठेक्यात घालण्याऐवजी गवताला गिऱ्हाईक मिळवण्यात घालावा. ठाणे-पालघरकडून मुंबईच्या तबेल्यांना बांधलेलं गवत पुरवण्याचा धंदा जुना आहे. दुष्काळी भागात छावण्यांना चाऱ्यासाठी वणवण होते, आणि घाटाखाली तोच चारा उभा जळतो. गवत कोवळेपणाकडून कुसळाकडे झुकण्याआधी कापून गठ्ठे बांधणारं एक यंत्र चार गावांत फिरवायला किती खर्च येतो, आणि एका वणव्यात मेलेल्या कलमांची किंमत किती होते, ही तुलना कुठल्याही ग्रामपंचायतीला एका बैठकीत करता येईल. रोजगार हमीतून कलमं लावायला मजुरी देता आली, तर ती जगवायला गवत उचलण्याची मजुरी का देता येऊ नये, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. पुढची लागवड मंजूर करताना निदान तेवढा एक रकाना अर्जात घालावा: भोवतालचं गवत कोण काढणार, आणि काढून कुठे टाकणार.